शटलला वारा लागू नये म्हणून

६ ऑक्टोबर

प्रिय छोट्या,

फोन सोडून पत्र आलंय म्हणजे ताईचं काहीतरी काम आहे, हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो. म्हणून आईनं आपल्याला लिहून बोलायची सवय लावली होती. ती गेल्यावर निदान तेवढं तरी तिचं ऐकू या.

काम तुझ्याच धंद्यातलं आहे. दोन वर्षांपूर्वी तू आमच्या बॅडमिंटन हॉलला पंखा आणि हवेचा डक्ट बसवलेस तेव्हा मी सगळ्या क्लबासमोर तुझं तोंड भरून कौतुक केलं होतं. ते आता मागे घेते. छतातल्या जाळीतून बाहेरची हवा येते ती नेमकी दोन नंबरच्या कोर्टावर. शटलला वजन ते काय असतं? मुलीनं रेषेवर मारलेलं शटल वाहत वाहत वीतभर बाहेर जाऊन पडतं.

माझ्याकडे शिकणारी एक मुलगी आहे, पंधरा वर्षांची. अंगानं इतकी बारीक की सगळे तिला काडी म्हणतात. वीस वर्षं शिकवतेय, असा हात मी पाहिला नाही. पण ती आमच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन मारायला शिकली आणि बाहेरगावी, जिथे वारा नाही तिथे, तिचं प्रत्येक शटल रेषेच्या वीतभर आत, समोरच्याच्या हाती पडायला लागलं. दोन स्पर्धा अशाच हातच्या गेल्या. अकरा जानेवारीला संघाची निवड आहे, आमच्याच हॉलमध्ये. आणि आता तर घरच्या वाऱ्यातही तिचा हात बिचकतो.

पंखा बंद करता येत नाही. क्लबाच्या ऑफिसात पंख्याचा हिरवा दिवा आहे. तो विझला की सचिव चष्मा कपाळावर चढवून धावत येतात. तर दिवा चालू राहील आणि वारा पडेल असं काही तुझ्या पोतडीत आहे का?

आपले अण्णा मजेत आहेत. रोज माझ्याबरोबर हॉलवर येतात आणि गॅलरीखालच्या टेबलावर मुलांच्या रॅकेटना तारा बसवत दिवस काढतात. त्र्याहत्तराव्या वर्षी मी त्यांना घरी बस म्हणणार नाही, ते बसणारही नाहीत. तार ताणून नखानं वाजवतात आणि कान लावून ऐकतात. तुझ्या पत्राची वाट मात्र माझ्यापेक्षा जास्त बघतात.

तुझी,
ताई


१५ ऑक्टोबर

ताई,

लोक मला बोलावतात ते हवा येत नाही म्हणून. हवा येते म्हणून रडणारी माझ्या आयुष्यात तू पहिली. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी उत्तरच दिलं नसतं. पण तू माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाहीस. माझ्या शिक्षणासाठी तू स्वतःचा खेळ सोडलास तेव्हाही नाही. त्यामुळे मला नाही म्हणता येईना.

गॅलरीच्या कोपऱ्यात शिडी लावली की डक्टवर एक लाल दांडा दिसेल. दांडा आडवा केला की आतली झडप बंद होते. पंखा फिरत राहतो, पण हवा आत येत नाही. दिव्याला फक्त मोटर फिरते आहे एवढंच कळतं, तो हिरवाच राहील. सचिवांना पण तेवढंच कळतं.

आता अट नीट वाच. फक्त सामन्यांच्या सरावापुरती, दोन तास, झडप बंद. संपलं की लगेच उघडायची. माणूस धावतो तेव्हा बसल्या माणसाच्या कितीतरी पट श्वास घेतो आणि सोडतो. तुझ्या हॉलमध्ये चाळीसजण धावतात. झडप बंद असली की ते एकमेकांचा उच्छ्वासच परत आत घेतात. एकाला खोकला असला की सगळ्यांना त्याचा वाटा मिळतो.

सोबत एक छोटी पेटी पाठवतोय. माणसांनी सोडलेला श्वास हवेत किती साचलाय त्याचा आकडा ती दाखवते. मोकळ्या हवेत चारशेच्या आसपास. हजाराच्या आत असेल तर निश्चिंत राहा. पंधराशेच्या वर गेला तर सगळ्यांना बाहेर काढ आणि झडप उघड. हे काम अण्णांकडे दे, तुझ्याकडे नको. त्यांनी रोज संध्याकाळी सातला, हॉल भरलेला असताना, आकडा लिहायचा आणि तो कागद तुझ्या पत्रातून मला पाठवायचा.

मला मार्चपर्यंत इथून हलता येणार नाही. मोठ्या जलतरण तलावाचं काम आहे. तिथली हवा इतकी जड की अर्ध्या तासात डोळे लाल होतात, आणि लोक म्हणतात, किती स्वच्छ वास येतो.

झडप उघडायला विसरू नकोस.

छोट्या


२ नोव्हेंबर

प्रिय छोट्या,

वारा अगदी पडला रे. काल काडीनं उंच सर्व्हिस केली, शटल वर गेलं, थांबलं आणि सरळ खाली रेषेवर आलं. तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मला क्षणभर वाटलं, आपला खेळ परत मिळाला. आपला म्हणजे माझा, हे तुला सांगायला नको.

तुझी पेटी पोचली. अण्णांना तर नोकरी लागल्यासारखं झालंय. पेटीसाठी त्यांनी जुन्या टॉवेलची खोळ शिवली. कागदावर रेघा आखल्या. सोबत पाठवतेय, बघ: ६२०, ६४०, ६१०, ६५५. खाली सही. तुझ्या साहेबांना पण इतकी स्वच्छ नोंद कोणी दिली नसेल.

झडप मी वेळच्या वेळी उघडते. काळजी करू नकोस.

थंडी सुरू झाली आहे, मुलं शिंकतायत. दरवर्षीचंच आहे.

ताई


२० नोव्हेंबर

ताई,

अण्णांचा कागद भिंतीला लावलाय. त्यांचं अक्षर बघून बरं वाटलं.

आकडे छान आहेत. फारच छान आहेत. झडप बंद असूनही इतके कमी, म्हणजे मी बसवलेली झडप गळत असणार. माझ्या हाताखालच्या माणसांना सांगू नकोस, जन्मभर चिडवतील. काही का असेना, गळकी झडप तुमच्या पथ्यावर पडली.

अण्णांना सांग, हिवाळ्यात गुडघ्यावर पट्टा बांधत जा. आणि तू त्यांना रागावू नकोस, मीच येऊन रागावतो.

छोट्या


१८ डिसेंबर

प्रिय छोट्या,

उशीर झाला. एकामागून एक मुलं तापानं पडतायत. काडीसुद्धा चार दिवस नव्हती, माझे चार दिवस काट्यावर गेले. आली परत, पण मधेच थांबून खोकते.

अण्णांनाही खोकला लागलाय. तुला कळवू नको म्हणत होते. डॉक्टरांनी तपासलं, साधं आहे म्हणाले, औषध दिलंय. घरी राहा म्हटलं तर म्हणाले, "निवड तोंडावर आलीय आणि अकरा रॅकेटच्या तारा तुटल्यात. पोरांनी काय झाडूनं खेळायचं?" शाल गुंडाळून बसतात टेबलाशी. खोकल्याची उबळ आली की हातातली तार तेवढी धरून ठेवतात, सैल होऊ देत नाहीत.

आकडे: ६३०, ६१५, ६४०, ६२५. हवेचा दोष नाही, हवामानाचा आहे.

निवडीला चोवीस दिवस राहिले. एकदा ती झाली की अण्णांना महिनाभर घरी बसवते, शब्द देते.

ताई


२९ डिसेंबर

ताई,

थोडक्यात लिहितो. हे आकडे मला पटत नाहीत. मुलं आजारी पडतात, अण्णा खोकतात, आणि आकडा दोन महिने जागचा हलत नाही. हवा इतकी शहाण्यासारखी वागत नाही.

एकदा तू स्वतः पेटी घे. हॉल भरलेला असताना अण्णांच्या टेबलाशी उभी राहा आणि वाच. गॅलरीखाली हवा सगळ्यात जास्त तुंबते. काय दिसेल ते कळव. आणि निवड असो नसो, झडप उघडून टाक, दांडा दोरीनं बांधून ठेव.

अण्णांना घरी ठेव. माझ्या नावावर भांडण काढ.

छोट्या


३० जानेवारी

प्रिय छोट्या,

अण्णा गेल्यावर तू तीन दिवस राहिलास आणि आपण दोघं काहीच बोललो नाही. लोक येत होते, खुर्च्या मागायच्या होत्या, डॉक्टरांचे कागद शोधायचे होते. तू निघालास तेव्हा मी दारात उभी होते, तुला हाक मारावी असं वाटलं. पण तू वळून पाहिलं नाहीस.

घरात आवाज नाही. खोकला होता तोवर खोकल्याचा तरी होता. मी सकाळी दोन कप चहा टाकते आणि मग एक ओतून देते. डॉक्टरांनी तुलाही सांगितलंच, फुफ्फुसं दोन्ही बाजूंनी भरली होती, या वयात शरीर किती झुंजणार. हॉलमधल्या सतरा जणांना तोच ताप येऊन गेला. सगळे बरे झाले. आपला एक माणूस तेवढा गेला.

काल त्यांचं टेबल आवरलं. पेटी खोळीत होती. हॉल उघडणाऱ्या चावीवाल्याशी मी बोलत होते. तो म्हणाला, "अण्णा रोज सकाळी सातला यायचे. मी कुलूप काढलं की आत जाऊन पेटी टेबलावर ठेवायचे, आकडा लिहायचे, खोळ घालून बॅगेत टाकायचे. मग दिवसभर काढायचे नाहीत." सकाळी सातला हॉल रिकामा असतो. आठला पहिली बॅच येते. म्हणून ते आकडे तसे होते.

तुला हे कळायला हवं असं वाटलं. आणखी काही सुचत नाही.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र तलावाच्या काठावर उभं राहून वाचलं. नंतर मला शिडीवर चढता आलं नाही. मुकादम म्हणाला घरी जा. मी खोलीवर येऊन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो, हे तुला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगणार?

माझीच चूक आहे. आम्ही कामावर नुसतं "सातला" म्हणतो. सातला मोटर बंद, सातला तपासणी. सात म्हणजे संध्याकाळचे हे इथे सगळ्यांना माहीत असतं. मी तुला तसंच लिहिलं असणार. अण्णा काय, जे लिहिलंय ते करणारे. सातला म्हटलं, ते सकाळी सातला गेले. थंडीत, त्या वयात. एक शब्द जास्त लिहिला असता तर ते आज टेबलाशी बसलेले असते.

आणि एवढ्यावर संपत नाही. तुझा पहिला कागद आला तेव्हाच मी गणित मांडलं होतं. चाळीस माणसं, झडप बंद, पंधराशेच्या खाली आकडा येऊच शकत नव्हता. मला ते दिसत होतं. तरी मी गळक्या झडपेचा विनोद केला, कारण खरं विचारलं तर तुझा चेहरा उतरला असता आणि मला काम टाकून यावं लागलं असतं. २९ डिसेंबरला फोन हातात घेतला होता. भांडण होईल म्हणून ठेवला आणि पत्र लिहिलं. माणूस मरत असताना मी पत्र लिहिलं.

मी ठरवलंय. मार्चला हे काम संपलं की धंदा सोडणार. ज्याला बापाच्या टेबलापर्यंत हवा पोचवता आली नाही त्यानं दुसऱ्यांच्या छतावर चढू नये. क्लबालाही कळवणार आहे की सूचना मी चुकीची दिली, तुझा काही संबंध नाही. तुझी नोकरी तरी राहील.

माझ्याजवळ माझं पत्र नाही, तुझ्याकडे आहे. मी नेमकं काय लिहिलं होतं ते एकदा बघशील? नको, राहू दे. बघून काय होणार आहे?

मला माफ कर, ताई.

छोट्या


१६ मार्च

प्रिय छोट्या,

महिना झाला, तुला उत्तर नाही. चार पत्रं लिहिली आणि फाडली. त्या चारही पत्रांत मी तुझं सांत्वन केलं होतं, तुला समजावलं होतं, होतं असं माणसाकडून वगैरे. चौथं वाचताना मला माझीच शिसारी आली.

तुझं १५ ऑक्टोबरचं पत्र सोबत परत पाठवतेय. ते मी पहिल्या दिवसापासून जपून ठेवलं होतं. तुझं वाक्य कुठे आहे ते तुला शोधावं लागू नये म्हणून खाली रेघ मारलीय. तू लिहिलं आहेस, "रोज संध्याकाळी सातला, हॉल भरलेला असताना." शब्द जागेवर आहे.

अण्णांनीही तो वाचला होता. पहिल्या संध्याकाळी बरोब्बर सातला त्यांनी पेटी टेबलावर ठेवली. मी काडीला शटल देत होते. ते कोर्टाच्या कडेला आले आणि म्हणाले, "ही एकवीसशे दाखवतेय गं. पोरं बाहेर काढायला सांगितलंय ना त्यानं?" त्या दिवशी झडप बंद होती आणि शटल पहिल्यांदा सरळ पडत होतं. मी त्यांच्याकडे धड वळलेही नाही. म्हटलं, "अण्णा, गर्दीत ती बिघडते. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये बघत जा, खरा आकडा तेव्हाच येतो." ते म्हणाले, "असं होय? तू म्हणतेस तर तसंच असेल." दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या तासभर आधी घरातून निघायला लागले.

त्यांना यंत्रातलं कळत नव्हतं, पण तू लिहिलेलं कळत होतं. तुझं पत्र आणि माझा शब्द, यातला त्यांनी माझा शब्द धरला. मी समोर होते म्हणून.

झडप मी पहिले चार दिवस उघडली. पाचव्या दिवशी शिडी कोण लावणार म्हणून राहू दिली, सहाव्या दिवशी आठवूनही राहू दिली. मग अकरा जानेवारीपर्यंत ती बंदच होती. तुला दर पत्रात उघडते म्हणून लिहिलं नाही, एकदाच लिहिलं. तू परत विचारलं नाहीस याचं मला बरं वाटलं होतं.

तुझं २९ तारखेचं पत्र मला चार जानेवारीला मिळालं. अण्णा तेव्हा टेबलाशी बसलेले होते, शाल घेऊन. मी पत्र वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. सात दिवस राहिले होते. म्हटलं, सात दिवसांनी काय बिघडतंय. चौथ्या दिवशी त्यांना हॉस्पिटलात नेलं.

आता राहिलं एक, तेही सांगते. निवडीच्या दिवशी सामना संपवून मी तशीच हॉस्पिटलात त्यांच्याकडे गेले. त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं. मनगट फिरवून रॅकेट मारल्यासारखं करून त्यांनी विचारलं, काय झालं? काडी हरली होती. तिसऱ्या गेममध्ये तिला खोकला आवरेना, कोर्टावर वाकून उभी राहिली आणि पोरीनं स्वतःच सामना सोडते म्हणून पंचांना हात केला. मी अण्णांना सांगितलं, जिंकली. त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं. त्यानंतर ते पूर्ण शुद्धीवर आले नाहीत.

जानेवारीत तुला चावीवाल्याची गोष्ट लिहिली तेव्हा मला माहीत होतं तू त्यातून काय काढशील. खोटं एकही अक्षर नव्हतं त्यात. चूक तुझ्या सूचनेत होती असं तुला वाटावं, म्हणून मी ते ठरवून लिहिलं. मला वाटलं, आपण दोघं निम्मं निम्मं उचलू. पण तू सगळंच उचललंस, आणि वर माझी माफी मागितलीस.

काल मी सचिवांना लेखी दिलं आहे. दांडा कोणी फिरवला, किती दिवस, आणि अण्णांना काय सांगितलं, सगळं. मुलांच्या आईवडिलांना बोलावून त्यांच्यासमोर वाचायला सांगितलं आहे. क्लब काय करायचं ते करेल. काडीच्या घरी मी स्वतः गेले. तिची आई दार उघडं ठेवून आत निघून गेली. काडी म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसा ना." मी बसले नाही.

तू धंदा सोडू नकोस. मला हे सांगायचा हक्क उरलेला नाही, तरी सांगते. तुला घरी बोलवायलाही मला तोंड नाही, म्हणून बोलवत नाही. तू पत्र लिहिलं नाहीस तर मी कारण विचारणार नाही. अण्णा गेले ते माझ्यामुळे. तू जे लिहायला हवं होतं ते लिहिलं होतंस, आणि मी ते वाचलं होतं.

ताई